परमुलखातले दुखणे

गेल्या दिवाळीतल्या पाडव्याची गोष्ट. आमच्या माजघरात चकल्यांच्या ताटाशेजारी एक चार पानी कागद पडला होता आणि घरातले प्रत्येक माणूस तो उचलून, एक ओळ वाचून, पुन्हा खाली ठेवीत होते. कागद होता आजारपणाच्या विम्याचा. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिचे दिवस चैत्रात भरायचे होते, आणि बाळंतपणासाठी आमची आक्का सहा महिने तिकडे जायची होती. भाचीने तो कागद फोनवर पाठवला आणि दाजींनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला.

दाजींचा प्रश्न सरळ होता. "हप्ता भरायचा, आणि सहा महिने ती धडधाकट राहिली तर? पैसे परत मिळतात का?"

"नाही मिळत," मी म्हणालो.

"मग तो विमा कसला? तो दंड झाला, मास्तर!"

हा वाद हसण्यावारी गेला असता. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात आक्काने माझ्या बायकोला एक गोष्ट सांगितली, आणि रात्री ती माझ्या कानावर आली. गेली चार वर्षे आक्काच्या बेंबीजवळ एक फुगोटी होती. कळशी उचलली की ती वर यायची, आडवे झाले की आत जायची. हा अंतर्गळ आहे हे तिला ठाऊक होते. तिच्या सासूलाही तो होता. तिने कुणाला सांगितले नव्हते. दाजींना तर नाहीच. आणि त्या चार पानी कागदाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात स्पष्ट लिहिले होते, की विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही.

मी गावातल्या शाळेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यापुढे गेलो नाही. पण कादंबऱ्या लिहायच्या निमित्ताने जुनी पुस्तके आणि जुने कायदे चाळायची खोड लागली आहे. त्या रात्री झोप येईना, म्हणून परमुलखात आजारी पडलेल्या माणसाचा खर्च आजवर कोण देत आला, याचा शोध घेत बसलो. पुढचे काही दिवस शाळेला सुट्टीच होती. त्या सुट्टीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

या गोष्टीचा आरंभ वैद्याच्या घरी होत नाही, गलबतावर होतो. परमुलखात आजारी पडणे हा पूर्वी खलाशांचाच धंदा होता म्हणा ना! फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओलेराँ नावाचे बेट आहे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी दर्यावर्दींच्या नियमांची एक जुनी संहिता मध्ययुगापासून युरोपच्या बंदरांत चालत आली. तिच्यात असे सांगितले आहे, की गलबतावरचा माणूस प्रवासात आजारी पडला तर तांडेलाने त्याला किनाऱ्यावर उतरवावे, एखाद्या घरात जागा पाहून द्यावी, रात्री उजेडाला मेणबत्ती द्यावी, आणि शुश्रूषेला गलबतावरचा एक पोरगा ठेवावा किंवा एखादी बाई पगारी लावावी. खायला गलबतावर मिळते तेवढे द्यावे. मात्र त्याच्यासाठी गलबताने थांबून राहू नये. मेणबत्तीपर्यंतचा विचार करणाऱ्या त्या अनामिक कायदेपंडिताला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

पण लगेच दुसरे कलम पाहा. गलबताच्या कामावर असताना जखम झाली तर उपचार गलबताच्या खर्चाने. आणि परवानगीवाचून बंदरावर उतरून, दारू पिऊन, मारामारीत डोके फोडून घेतले तर? मग तांडेलावर काही बंधन नाही. ज्याचे डोके त्याचा खर्च. हे वाचले आणि मी आक्काचा कागद पुन्हा उघडला. तिथेही तेच होते: मद्यपानाने झालेली इजा वगळून, भांडणात झालेली इजा वगळून. सात-आठशे वर्षांत भाषा बदलली, हे कलम मात्र आहे तिथेच आहे.

नियम झाला, पण गलबताचा मालकच बुडाला किंवा तांडेल खोटा निघाला तर? तेव्हा दुसरी युक्ती निघाली, ती म्हणजे आधीच थोडे थोडे कापून ठेवायचे. इंग्लंडात 1696 पासून खलाशांच्या पगारातून दरमहा सहा पेन्स ग्रिनिचच्या इस्पितळासाठी कापून घेत. व्यापारी गलबतांवरचे खलाशीही ते भरीत, आणि इस्पितळ मात्र प्रामुख्याने आरमारातल्या माणसांचे! हा अन्याय 1834 पर्यंत चालला. हप्ता एकाचा आणि खाट दुसऱ्याची, ही तक्रार काही आजची नव्हे.

अमेरिकेने नवे राष्ट्र झाल्यावर हीच युक्ती उचलली. 16 जुलै 1798 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी एका कायद्यावर सही केली. परदेशातून आलेले गलबत बंदराला लागले, की कप्तानाने प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला वीस सेंट कापून जकातीच्या कचेरीत भरायचे, आणि त्या पैशांतून आजारी, जायबंदी खलाशांची सोय करायची. पुढे 1870 मध्ये वीसचे चाळीस सेंट झाले. 1884 मध्ये ही कपात बंद होऊन गलबतांवर त्यांच्या वजनमापाप्रमाणे कर बसला. ज्या अमेरिकेत सरकारने आजारपणाच्या भानगडीत पडू नये असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले, तिथे सरकारी आरोग्यखात्याचे मूळ खलाशांच्या वीस सेंटांत आहे, हे वाचून मला गंमत वाटली.

आपली माणसे या कथेत केव्हा येतात? ती आधीपासून आहेत. कोकणातून, मुंबईतून, गोव्यातून इंग्रजी बोटींवर गेलेले हजारो खलाशी, खानसामे आणि बंब्याजवळ कोळसा ओढणारे आगवाले लंडनच्या गोदीत उतरत. तिकडे त्यांना 'लास्कर' म्हणत. ऊबदार मुलखातला माणूस, अंगावर सुती कपडे, आणि थेम्स नदीवरचा हिवाळा! 1821 मध्ये लंडनच्या काही सज्जनांनी खलाशांच्या इस्पितळासाठी संस्था काढली आणि 'ग्रॅम्पस' नावाच्या जुन्या युद्धनौकेतच इस्पितळ थाटले. ते अपुरे पडू लागल्यावर 1831 मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत भाग घेतलेली 'ड्रेडनॉट' नौका त्या कामी आली. ज्या तोफांच्या खिडक्यांतून गोळे सुटले, त्यांच्या आत खाटा मांडल्या गेल्या. नियम एवढाच होता, की माणूस खलाशी असावा. देश, धर्म, रंग कुणी विचारीत नसे. 1870 मध्ये हे इस्पितळ किनाऱ्यावर ग्रिनिचला आले आणि पुढे शतकाहून अधिक काळ तिथे चालले. पहिली अनेक दशके ते प्रामुख्याने देणग्यांवर चालले. रत्नागिरीकडच्या एखाद्या सारंगाचा पाय दोरखंडात अडकून चिरडला, तर त्याचा खर्च लंडनातल्या कुणा व्यापाऱ्याच्या वर्गणीतून निघे. त्या दोघांची गाठ कधी पडायची नाही.

खुद्द लंडनच्या गरिबाला मात्र इतके सोपे नव्हते. तिथल्या धर्मादाय इस्पितळांत शिरायला पत्र लागे. जो वर्षाला काही गिन्या वर्गणी देई त्याला काही रोग्यांची शिफारस करण्याचा हक्क असे. म्हणजे आजारी माणसाने आधी एखादा वर्गणीदार गाठायचा, त्याच्या दारात उभे राहायचे, मग इस्पितळाच्या. 1827 च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या तरुण शस्त्रवैद्याला हॉबर्नच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या पायऱ्यांवर एक मरणोन्मुख मुलगी सापडली. पत्र नाही म्हणून तिला कुठल्याही इस्पितळाने घेतले नाही, आणि ती वाचली नाही. दुसऱ्याच वर्षी, 1828 मध्ये, मार्सडेनने पत्रावाचून आणि पैशावाचून उपचार देणारा दवाखाना उघडला. तेच पुढे रॉयल फ्री हॉस्पिटल. आणि काळाचा खेळ असा, की ज्याच्या नावातच 'फ्री' आहे त्याच इस्पितळाने 1895 मध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंना नेमले आणि येणाऱ्यांपैकी कुणाची ऐपत आहे, कुणाची नाही, हे तपासण्याचे काम त्यांना दिले. इंग्लंडातल्या पहिल्या 'आल्मोनर' त्या. फुकट खाणावळ काढली, की दारात बसून ताटे मोजणारा कुणीतरी लागतोच.

जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांना सक्तीचा आजारपणाचा विमा दिला. त्याची कथा मोठी आहे आणि ती इथे नको. त्याच्याकडे पाहून लॉइड जॉर्जने 1911 मध्ये इंग्लंडात कायदा केला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. म्हणजे चार देऊन नऊ मिळवा, असा त्याचा प्रचार होता. पण या नवात काय मिळे? कामकरी माणसाला डॉक्टर, औषध, आजारपणात आठवड्याला दहा शिलिंग. क्षयरोग्याची आरोग्यधामातली सोय सोडली, तर इस्पितळातली शस्त्रक्रिया त्यात नव्हती. आणि कामगाराची बायको? तिला बाळंतपणाचे तीस शिलिंग, बाकी काही नाही. मुलांना तर तेवढेही नाही. म्हणजे नवऱ्याचा खोकला विम्यात, आणि बायकोचा अंतर्गळ तिच्या पदरात.

इथे मला आक्का दिसली. कारण पुढे काय झाले ते पाहा. 5 जुलै 1948 रोजी अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याने ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. हा बेव्हन वेल्समधल्या ट्रेडीगारचा, खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतः खाणीत राबलेला. त्याच्या गावात कामगार पगारातल्या प्रत्येक पौंडामागे काही पेन्स देऊन स्वतःचे डॉक्टर आणि इस्पितळ चालवीत. तेच आपण देशाला द्यावे, असा त्याचा हिशेब होता. दवाखान्यांची दारे उघडली आणि त्यांत बायका आल्या. अंग बाहेर येण्याचे दुखणे वर्षानुवर्षे चिंध्यांनी आवरून धरलेल्या, त्यावर घरचे सगळे काम करणाऱ्या, कुणाला न सांगणाऱ्या बायका! डॉक्टरांनी त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत त्यांत हे पुन्हा पुन्हा येते. बाईचे दुखणे नवे नव्हते. ते सांगण्याची सोय नवी होती. चष्म्यांचेही तसेच. पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांहून अधिक चष्मे गेले. सरकार इतके हबकले, की 1951 मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर आकार बसला आणि त्या रागाने बेव्हनने राजीनामा दिला.

आणि परका पाहुणा? आरंभी तोही फुकट. परदेशी लोक येऊन चष्मे लाटतात अशी ओरड झाली, 1949 मध्ये परक्यांकडून पैसे घेण्याची तरतूदही कायद्यात आली. पण ती नुसती कागदावर राहिली. बेव्हनने 1952 साली आपल्या पुस्तकात याचे उत्तर दिले आहे. त्याचे म्हणणे असे, की पाहुणा ओळखायचा तर आपण पाहुणे नाही हे प्रत्येक देशवासीयाला सिद्ध करीत फिरावे लागेल. त्यापेक्षा पाहुण्याला औषध दिलेले स्वस्त. हा युक्तिवाद तीस वर्षे टिकला. 1982 मध्ये परदेशी पाहुण्यांना इस्पितळाचे बिल देण्याचे नियम लागू झाले. 2015 पासून सहा महिन्यांहून अधिक राहायला येणाऱ्याने व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरायचा. तो वर्षाला 200 पौंडांपासून वाढत वाढत 2024 च्या फेब्रुवारीत मोठ्या माणसाला 1,035 पौंडांवर गेला. थोडे दिवस येणाऱ्याला अधिभार नाही. पण त्याला इस्पितळात शस्त्रक्रिया लागली तर बिल आहे आणि तातडीची नसेल तर 2017 पासून पैसे आधी मोजावे लागतात. अपघातविभागातला उपचार मात्र अजूनही सर्वांना मोफत आहे. या सेवेत मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून गेलेल्या आपल्या डॉक्टरांनी उभी हयात घालवली; त्यांच्यापैकी कुणाची आई भेटीला गेली आणि पडली, तर ती मात्र पाहुणी.

पण आक्का लंडनला जायची नव्हती. अमेरिकेचे काय?

अमेरिकेतल्या विम्याची जन्मकथा मला फार आवडली. कारण सांगतो: ती मास्तरांची आहे. 1929 साली टेक्सासमधल्या डलास शहरात बेलर विद्यापीठाचे इस्पितळ कर्जात होते. जस्टिन फोर्ड किंबल नावाच्या गृहस्थांकडे त्याचा कारभार आला. हे पूर्वी डलासच्या शाळांचे अधीक्षक होते. त्यांनी थकलेल्या बिलांच्या वह्या उघडल्या, आणि त्यांत त्यांना ओळखीची नावे दिसू लागली: शहरातल्या शाळांमधल्या शिक्षिकांची. पगार बेताचा, दुखणे अचानक, आणि बिल फिटता फिटत नाही. किंबलनी आकडेमोड केली आणि शिक्षकांपुढे योजना ठेवली. महिन्याला पन्नास सेंट भरा, वर्षातून एकवीस दिवसांपर्यंत इस्पितळात राहावे लागले तर तो खर्च आमचा. बाराशेंहून अधिक शिक्षकांनी नावे दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, बँका बुडू लागल्या, इस्पितळे ओस पडली; आणि या पन्नास सेंटांच्या योजनेकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. अशा योजनांना पुढे निळ्या क्रुसाची खूण मिळाली आणि 'ब्लू क्रॉस' हे नाव घरोघर झाले.

यात एक मेख होती, आणि आजही परक्या माणसाला चकवते ती हीच. किंबलची योजना खाटेची होती, डॉक्टरची नव्हती. डॉक्टरांना आपली फी दुसऱ्या कुणी ठरवलेली नको होती. त्यांच्यासाठी वेगळी योजना दहा वर्षांनी, 1939 मध्ये, कॅलिफोर्नियात निघाली. खाटेचे पैसे एकीकडे, हाताचे दुसरीकडे, ही फाळणी तेव्हापासूनची. म्हणून तिकडे साधी अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया झाली, तरी इस्पितळाचे बिल वेगळे, शस्त्रवैद्याचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे आणि तपासणीचे वेगळे येते. शिवाय ती एकदम येत नाहीत. पाहुणा परत येऊन अंगणात पापड वाळत घालीत असतो, तेव्हा चौथे येते.

पुढे महायुद्ध आले. 1942 मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सवलती पगारात धरल्या नाहीत. कारखानदारांनी माणसे टिकवायला विमा देऊ केला, आणि आजारपण नोकरीला बांधले गेले ते कायमचे. 1965 साली म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी योजना झाल्या. पण त्या तिथल्या म्हाताऱ्यांसाठी. 1986 च्या कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला, पैसे असोत नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर केल्यावाचून घालवता येत नाही. हा फार मोठा आधार आहे. मात्र तो उपचाराचा आधार आहे, बिलाचा नाही. आक्काचा अंतर्गळ मध्यरात्री अडकला असता तर डॉक्टरांनी तो सोडवला असता. आणि मग हजारो डॉलरांचा हिशेब भाचीच्या पत्त्यावर आला असता. जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली तर काही विमे थोडा भार उचलतात. पण वयाची अट, रकमेची मर्यादा आणि अचानक कशाला म्हणायचे याची व्याख्या, या तीन चाळण्यांतून खाली जे पडेल तेवढेच हाती येते.

हे सगळे मी भाऊबीजेला ओवाळणीनंतर आक्कासमोर मांडले. दाजी ऐकत होते. फुगोटीची गोष्ट त्यांना तेव्हाच कळली. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "चार वर्षं कळशी मी का नाही उचलली?" आक्का म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला कुठं जाऊ दिलं असतं?"

ठरले ते असे, की आधी इथे शस्त्रक्रिया करायची. आता इथलाही विमा होताच की, दोनच वर्षांपूर्वी मुलाने काढलेला! तो काढताना जुने दुखणे आहे का, या रकान्यात आक्काने 'नाही' लिहवले होते. मी तो कागदही पाहिला. दाजी म्हणाले, "लिहिलंय ना 'नाही' म्हणून? मग मागायचे पैसे." आक्काने मान हलवली. "चार वर्षं मी घरात खोटं बोलले. आता डॉक्टरपुढं बोलायला लावू नका."

मार्गशीर्षात मिरजेला शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी आक्का घरी. बिलाचे पैसे तिने स्वतः मोजले. दुधाच्या पैशांचा एक डबा तिने नातवंडाच्या चांदीच्या वाळ्यांसाठी ठेवला होता, तो रिकामा झाला. उरलेली भर दाजींनी घातली. ती कुठून, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वाळे राहिले. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलायचे नाही असे सांगितले होते. त्या तीन महिन्यांत दाजींना नळापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पायऱ्या किती, हे पाठ झाले.

फाल्गुनात आक्का निघाली तेव्हा अमेरिकेचा विमा काढलेला होता. काढला कुणी? दाजींनी. मला न विचारता.

तिकडे सहा महिन्यांत तिला एकदाच दुखले, ती दाढ. भाचीने विम्याचा कागद काढून पाहिला. दात त्यात नव्हते. आक्काने जाताना नेलेल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग दाढेखाली धरली आणि चार दिवस काढले. गणपतीच्या आधी ती नातीचे फोटो घेऊन परत आली. दाजी स्टेशनवरून तिची बॅग घेऊन पुढे चालत होते, मधेच थांबून मागे वळून त्यांनी मला विचारले, "मास्तर, मग त्या हप्त्यातले थोडे तरी परत मिळतात का हो?"